जुन्या संगणकाची लॅन जोडणी बंद पडल्यास : तारेपासून ब्राउझरपर्यंतची तपासणी

‘नेट चालत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली तरी तिच्या पोटात निदान चार निरनिराळे बिघाड असू शकतात. कधी तारेतून विद्युतसंकेतच पोहोचत नाही. कधी संकेत पोहोचतो, पण लॅन कार्डाचा (तार जिथे लागते त्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नीट बसलेला नसतो. कधी ड्रायव्हर ठीक असूनही राउटरकडून (नेट वाटून देणाऱ्या पेटीकडून) आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला संगणकाचा क्रमांक, मिळत नाही. आणि कधी तार, कार्ड, पत्ता सगळे व्यवस्थित असताना ब्राउझरच साइट उघडायला नकार देतो. या चारही बिघाडांत पडद्यावर जवळपास सारखेच चित्र दिसते, उपाय मात्र पूर्णपणे वेगळे आहेत. म्हणून बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवल्याशिवाय विंडोज नव्याने टाकू नये, नवा राउटर आणू नये आणि ‘मशीन जुनं झालंय, बदलून टाका’ हा सल्ला तर मुळीच मानू नये.

ठाणे आणि नवी मुंबईत असे जुने संगणक अजून भरपूर कामात आहेत. सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सची बिले काढणारा, वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील गाळ्यात हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर चालवणारा, महापे-रबाळे पट्ट्यातील कारखान्यात एखाद्या यंत्राला कायमचा जोडलेला संगणक बदलायचा म्हटले की त्याच्यासोबत जुने सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर आणि कधी कधी ते यंत्रही बदलण्याची वेळ येते. यांपैकी बऱ्याच संगणकांना वाय-फाय नसते, त्यामुळे लॅनची तार हाच त्यांचा बाहेरच्या जगाशी एकमेव दुवा असतो. तो दुरुस्त करणे बहुतेक वेळा शक्य असते आणि खर्चही थोडाच येतो.

तपासणी नेहमी खालून वर करावी : आधी तार, मग कार्ड, मग पत्ता, मग साइटच्या नावांचे आकडी पत्त्यांत भाषांतर करणारी डीएनएस सेवा आणि सर्वांत शेवटी ब्राउझर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा आणि फरक पडला नाही तर ती गोष्ट पूर्ववत करून पुढे जावे. तीन गोष्टी एकदम बदलून नेट सुरू झाले तर काय बिघडले होते ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो.

सुरुवातीलाच एक साधी खातरजमा करून घ्यावी. त्याच राउटरच्या वाय-फायवर मोबाइल लावून, मोबाइल डेटा बंद ठेवून, एखादी साइट उघडते का ते पाहावे. उघडत नसेल तर दोष संगणकाचा नाही. राउटर, फायबरची तार जिथे येऊन संपते ते ओएनटी उपकरण किंवा इंटरनेट पुरवठादाराकडे पाहावे लागेल. उघडत असेल तर पुढचे सगळे आपल्या हातात आहे. शिवाय बंद पडण्याच्या आसपास काय घडले होते ते आठवावे. वीज गेली होती का, पाऊस आणि विजांचा कडकडाट झाला होता का, रंगकामासाठी टेबल सरकवले होते का, केबलवाल्याने जुनी तार काढून फायबर बसवले का? यांपैकी एखाद्या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर अर्धा तास वाचवते.

दिवे आणि तार

संगणकाच्या मागच्या बाजूला जिथे लॅनची तार घुसते, त्या आरजे-४५ सॉकेटच्या कडेला बहुधा दोन छोटे दिवे असतात. एक जोडणी झाल्याचे सांगतो आणि दुसरा माहितीची ये-जा सुरू असताना लुकलुकतो. रंगांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगापेक्षा दिवा लागतो की नाही एवढेच पाहावे. संगणक सुरू असताना दोन्ही दिवे विझलेले असतील तर आधीच सॉफ्टवेअरला हात लावू नये. अडचण बहुधा तारेत, राउटरच्या पोर्टमध्ये किंवा कार्डात असते. विंडोजमध्ये अशा वेळी ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’ असा संदेश आणि लाल फुली दिसते.

आता राउटरच्या बाजूला जावे. तार राउटरच्या लॅन पोर्टमध्येच आहे ना, हे पाहावे. बहुतेक राउटरांवर एक पोर्ट वेगळ्या रंगाचा किंवा थोडा बाजूला असतो. तो वॅन पोर्ट बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी असतो. साफसफाईत तारा काढून परत लावल्या की या दोहोंची अदलाबदल हमखास होते. पोर्ट बरोबर असेल तर शेजारच्या लॅन पोर्टमध्ये तार लावून पाहावी. त्यानंतर चालू असल्याची खात्री असलेली दुसरी छोटी तार घेऊन संगणक थेट राउटरपाशी जोडावा. संगणक उचलून राउटरजवळ नेण्याचा कंटाळा येतो, पण ही एकच चाचणी भिंतीतली वायरिंग, मधला स्विच (एका तारेवरून अनेक तारा काढणारी पेटी) आणि लांब तार या तिन्हींना एका फटक्यात संशयातून बाहेर काढते किंवा आत आणते. थेट जोडल्यावर दिवा लागला तर संगणक निर्दोष आहे आणि दोष वाटेत आहे.

वाटेतला दोष शोधण्याची पद्धत आपल्या इमारतींच्या रचनेवर अवलंबून असते. ठाण्या-नवी मुंबईतल्या कित्येक जुन्या इमारतींत पूर्वी केबलवाल्याने गच्चीवरून किंवा जिन्यातून लॅनची तार टाकलेली असते आणि मधल्या एखाद्या मजल्यावर पत्र्याच्या पेटीत छोटा स्विच बसवलेला असतो. त्या स्विचला वीज मिळाली नाही तर खालच्या ऑफिसातला दिवाही विझतो. त्यामुळे तारेला दोष देण्याआधी पेटीतला स्विच चालू आहे का, त्याचा अ‍ॅडॅप्टर गरम होऊन बंद पडला आहे का, हे पाहावे. गच्चीवरच्या तारेचे वरचे आवरण काही वर्षांच्या उन्हाने तडकते, पावसाचे पाणी तारेच्या पोटातून उतरत थेट प्लगपर्यंत येते आणि खाडीकाठच्या दमट, खारट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. गाळ्यांत आणि गोदामांत उंदीर तार कुरतडतात. तिथे भिंतीच्या कडेने हात फिरवत संपूर्ण तार डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

तारेची एकूण लांबी १०० मीटरच्या आत असावी, ही तांब्याच्या इथरनेट जोडणीची ठरलेली मर्यादा आहे. एका विंगच्या गच्चीवरून दुसऱ्या विंगच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात तार नेली, तर वळणे-वळसे धरून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अशी जोडणी कोरड्या दिवसांत रडतखडत चालते आणि पावसाळ्यात बंद पडते. त्यावर उपाय म्हणजे मध्ये स्विच बसवणे किंवा त्या टप्प्यासाठी फायबर वापरणे. तारेचा दर्जा बदलून लांबीची मर्यादा वाढत नाही. तार नव्याने घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का, हे विचारून घ्यावे. स्वस्त तारांमध्ये अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. तारेचे टोक ब्लेडने हलके खरवडले आणि आत पांढरट धातू दिसला, तर ती तार कायमच्या वायरिंगसाठी घेऊ नये. ती लवकर ठिसूळ होते आणि प्लगच्या तोंडाशी तुटते.

प्लग जवळून पाहणे

मला विचाराल तर अर्ध्याहून अधिक वेळ इथेच द्यावा. पारदर्शक प्लग विजेरीच्या प्रकाशात डोळ्यांजवळ धरावा. आत आठ बारीक तारा एका ओळीत दिसल्या पाहिजेत, त्या सर्वांची टोके प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असली पाहिजेत आणि आठही सोनेरी पाती सारख्याच खोलीवर दाबलेली असली पाहिजेत. एखादे पाते किंचित वर राहिले असेल, तर क्रिंपिंग (प्लग तारेवर दाबून बसवणे) करताना पक्कड पुरती दाबली गेलेली नाही. बाहेरचे जाड आवरण प्लगच्या आत घुसून दाबपट्टीखाली आलेले असावे. ते बाहेरच संपून रंगीत तारा उघड्या दिसत असतील, तर तार ओढली गेली की सगळा ताण त्या आठ तारांवर येतो. प्लगची पकडपट्टी तुटलेली असेल, तर तो सॉकेटमध्ये ‘टक’ असा आवाज करून बसत नाही आणि टेबल हलले की सुटतो. अशा प्लगला चिकटपट्टी लावून दिवस काढू नयेत. प्लग कापून नवा बसवावा.

आपल्याकडे प्रचलित असलेला रंगांचा क्रम टी-५६८-बी हा आहे. पकडपट्टी खाली आणि तार आपल्याकडे धरली असता डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यातली मेख तिसऱ्या आणि सहाव्या तारेत आहे. या दोन्ही तारा हिरव्या जोडीच्याच हव्यात, म्हणून निळी जोडी त्यांच्या मध्ये बसवली जाते. काही जण सोयीसाठी नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावतात आणि दोन्ही टोकांना तसेच करतात. अशा तारेवर स्वस्त टेस्टर आठही दिवे क्रमाने लावून दाखवतो, कारण तो फक्त विद्युतप्रवाह पोहोचतो का एवढेच पाहतो. प्रत्यक्षात मात्र तिसरी आणि सहावी तार वेगवेगळ्या जोड्यांतल्या असल्याने जोडीतल्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असण्याचा फायदा जातो, संकेतांत गोंधळ होतो आणि तार थोडी लांब असली की जोडणी सतत तुटते किंवा अतिशय मंद चालते. टेस्टरचे दिवे लागले म्हणून तार निर्दोष ठरवू नये, ते यासाठीच.

जुन्या संगणकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या) कार्डाला आठपैकी चारच तारा लागतात : पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी, म्हणजे नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) कार्डाला मात्र आठही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली तार तुटली, तर जुना संगणक त्याच तारेवर विनातक्रार चालतो आणि नवा लॅपटॉप अडखळतो किंवा १०० एमबीपीएसवर उतरतो; उलट हिरव्या किंवा नारिंगी जोडीत दोष असेल तर दोघेही बंद पडतात. दोन यंत्रांच्या वागण्यातला हा फरक पाहून कोणती जोडी तुटली असेल याचा बराच अंदाज येतो.

सॉकेटच्या आतही पाहावे. तिथे आठ स्प्रिंगसारखे बारीक सोनेरी काटे तिरके उभे असतात. त्यातला एखादा वाकून शेजाऱ्याला चिकटलेला किंवा खाली दबलेला असेल, तर लाकडी टूथपिकने तो हलकेच वर आणता येतो. संगणक बंद करून, विजेची तार काढून मगच हे काम करावे. धूळ हवेने उडवावी आणि हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या बारीक ब्रशने पुसून, पूर्ण वाळू द्यावा. दोन जुने संगणक मध्ये स्विच न ठेवता एकमेकांना थेट जोडायचे असतील, तर क्रॉस तार (एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेली) लागते, हेही लक्षात ठेवावे. अलीकडची गिगाबिट उपकरणे हा बदल स्वतःच करून घेतात, जुनी १०० एमबीपीएसची बरीच कार्डे घेत नाहीत.

कार्ड आणि ड्रायव्हर

थेट राउटरपाशी, चांगल्या तारेने जोडूनही दिवा लागत नसेल तर कार्डाकडे वळावे. आधी संगणक बंद करून विजेची तार पूर्ण काढावी, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग पुन्हा सुरू करावा. मदरबोर्डवरील लॅन चिपला संगणक बंद असतानाही थोडी वीज मिळत असते. ती एखाद्या चुकीच्या अवस्थेत अडकली असेल तर केवळ रीस्टार्ट करून सुटत नाही. विजेच्या चढ-उतारानंतर बंद पडलेली जोडणी या एवढ्याशा उपायाने अनेकदा पूर्ववत होते.

त्यानंतर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारी संगणकाची मूळ मांडणी, पाहावा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२, एचपीच्या यंत्रांत बहुधा एफ-१०, ही कळ दाबून आत जाता येते. तिथे ‘ऑनबोर्ड लॅन’ किंवा ‘इंटिग्रेटेड निक’ असा पर्याय असतो. तो ‘एनेबल्ड’ हवा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की बायोसची मांडणी मूळ अवस्थेत जाते आणि काही बोर्डांवर हा पर्याय तेव्हा बदलतो. ही बॅटरी पुढे आणखी एका कारणासाठी आपल्यासमोर येणार आहे.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ ही ओळ उलगडावी. कार्डाच्या नावापुढे खाली वळलेला बाण असेल तर ते कोणीतरी बंद केले आहे. उजवे बटण दाबून ते सुरू करावे. पिवळे उद्गारचिन्ह असेल किंवा कार्ड तिथे नसून ‘अदर डिव्हायसेस’मध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’ असे दिसत असेल, तर ड्रायव्हर नाही. विंडोज एक्सपी २००१ सालची आणि विंडोज ७ ही २००९ सालची असल्याने, त्यांच्या मूळ डिस्कमध्ये नंतर आलेल्या चिपचे ड्रायव्हर नसतात. अनोळखी कार्डाची ओळख ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात ‘हार्डवेअर आयडी’ निवडून मिळते. तिथे ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे १०ईसी असल्यास चिप रियलटेकची आणि ८०८६ असल्यास इंटेलची. ‘डीईव्ही’पुढचा आकडा मॉडेल सांगतो, रियलटेकचे ८१३९ म्हणजे जुने १०० एमबीपीएसचे कार्ड आणि ८१६८ म्हणजे गिगाबिट.

या आकड्यांवरून ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर, शक्यतो संगणक किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून उतरवून पेनड्राइव्हने आणावा. ‘ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ असे म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरे टाळावीत. विंडोज ७ आणि त्यापुढच्या संगणकांत आणखी एक सोय आहे : अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की संगणकाला तात्पुरते इंटरनेट मिळते आणि ड्रायव्हर तिथल्या तिथे उतरवता येतो.

पत्ता मिळतो का

दिवा लागला, कार्ड ओळखले गेले, तरीही नेट नाही, अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, टाइप करावा. सामान्य राउटरवर पत्ता १९२.१६८.१. किंवा १९२.१६८.०. असा सुरू होतो आणि ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आले नाही आणि विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला, असा अर्थ होतो. हा पत्ता दिसला की बाहेरच्या इंटरनेटचा विचार सोडून संगणक ते राउटर एवढ्याच टप्प्याकडे लक्ष द्यावे. आधी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा. मग ‘आयपीकॉन्फिग’पुढे एक जागा, तिरपी रेघ आणि ‘रिलीज’, त्यानंतर तसेच ‘रिन्यू’, अशा दोन आज्ञा क्रमाने द्याव्यात. तरीही १६९.२५४ च राहिला, तर तारेतली एखादी जोडी अर्धवट आहे, अँटिव्हायरसची भिंत आड येते आहे किंवा राउटरची पत्ता वाटणारी डीएचसीपी सेवा बंद आहे.

याच्या उलट प्रकार दुसऱ्या ऑफिसातून आणलेल्या संगणकांत दिसतो. तिथे कोणीतरी पत्ता हाताने भरून ठेवलेला असतो. संगणकाचा पत्ता १९२.१६८.०. मालिकेतला आणि राउटर १९२.१६८.१.१ असला की दोघे एकाच तारेवर असूनही एकमेकांना दिसत नाहीत. लॅन जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ उघडून ‘ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडावे. मात्र आधी जुने आकडे कागदावर उतरवून ठेवावेत, कारण टॅलीचा सर्व्हर किंवा प्रिंटर त्याच आकड्यावर शोधला जात असेल, तर ते आकडे पुन्हा लागतील.

पुरवठादाराची तार राउटरशिवाय थेट संगणकात येत असेल आणि ‘ब्रॉडबँड कनेक्शन’वर युजरनेम-पासवर्ड देऊन नेट सुरू करावे लागत असेल, तर पडद्यावर येणारा एररचा क्रमांक नीट वाचावा. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड मान्य झालेला नाही. बऱ्याचदा रिचार्ज संपलेले असते. एक्सपीवर ६७८ आणि विंडोज ७ पासून पुढे ६५१ आला, तर पलीकडून उत्तरच आलेले नाही, म्हणजे पुन्हा तार आणि जिन्यातल्या पेटीकडे जावे.

पत्ता योग्य असेल तर समोरून उत्तर येते का ते पाहणारी ‘पिंग’ची आज्ञा क्रमाने चालवावी : प्रथम १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचाच संगणक, मग गेटवेचा पत्ता, मग ८.८.८.८, म्हणजे गूगलची सार्वजनिक डीएनएस सेवा. आणि शेवटी एखाद्या साइटचे नाव. पहिल्याच पायरीवर अडले, तर विंडोजची नेटवर्क व्यवस्था बिघडली आहे. तिच्यासाठी ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकारात देऊन संगणक पुन्हा सुरू करावा. गेटवेपर्यंत जाते पण ८.८.८.८ पर्यंत जात नाही, तर राउटर किंवा पुरवठादार. आकड्याला उत्तर मिळते पण नावाला मिळत नाही, तर फक्त डीएनएस बिघडले आहे. त्याच प्रॉपर्टीजमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे डीएनएस पत्ते भरले की काम होते.

गेटवेच्या पिंगचा आणखी एक उपयोग आहे. पत्त्यापुढे एक जागा सोडून आडवी छोटी रेघ आणि ‘टी’ हे अक्षर दिले, तर पिंग अखंड चालू राहते. ती चालू असताना तार दोन्ही टोकांना प्लगजवळ हळूच डावी-उजवीकडे वाकवावी. ज्या हालचालीला ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसते, तिथे तार आतून तुटलेली आहे. अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीचा दोष शोधण्याची याहून खात्रीची आणि बिनखर्चाची रीत मला ठाऊक नाही. कंट्रोल आणि सी या कळा दाबून पिंग थांबवावी.

सगळे ठीक, तरी साइट उघडत नाहीत

पिंगची चारही उत्तरे येतात आणि ब्राउझर मात्र ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगतो, ही जुन्या संगणकांची खास तक्रार आहे. घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही तीन व्होल्टची बॅटरी संपली की संगणक बंद करताच तारीख मागे जाते. आजच्या जवळपास सर्व साइट त्यांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावर चालतात आणि त्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडून पाहिली जाते. संगणक स्वतःला दहा वर्षे मागे समजत असेल तर कोणतेच प्रमाणपत्र त्याला वैध वाटत नाही. बॅटरी बदलावी, तारीख-वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ नीट लावावी.

तारीख बरोबर असूनही तसेच होत असेल, तर विंडोज किंवा ब्राउझर मागे पडला आहे. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. क्रोमची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती ४९ आणि विंडोज ७ वर चालणारी शेवटची १०९ आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, साइटना फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’च्या साखळीतील एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अपडेट न झालेल्या जुन्या यंत्रांवर अनेक साइट उघडेनाशा झाल्या. हा दोष तार किंवा राउटर बदलून जाणार नाही. काही साइट उघडतात आणि काही नाहीत, असे दिसले तर हेच कारण प्रथम गृहीत धरावे. बँकेचे आणि कराचे व्यवहार अशा संगणकावरून करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पूर्वीच्या ऑफिसचा प्रॉक्सी (नेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर) राहून गेला आहे का, हेही इथेच पाहून घ्यावे.

मंद चालणे आणि मध्येच तुटणे

जुन्या कार्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये वेग आणि ‘डुप्लेक्स’ (माहिती दोन्ही दिशांनी एकदम, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) हाताने १०० फुल असा बांधलेला असेल आणि समोरचा स्विच स्वयंचलित असेल, तर स्विचला डुप्लेक्स कळत नाही आणि तो हाफ धरून चालतो. जोडणी दिसते, छोटी पाने उघडतात, पण मोठी फाइल सुरू केली की वेग कोसळतो. दोन्ही बाजू ‘ऑटो’वर ठेवाव्यात. त्याच जागी ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते, संगणक थोडा वेळ रिकामा राहिला की नेट तुटत असेल, तर ती खूण काढावी. शंभर एमबीपीएसच्या कार्डावर प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो. योजना २०० ची असली तरी तो बिघाड नव्हे, कार्डाची मर्यादा आहे.

तार की विंडोज, हा निर्णय होतच नसेल तर पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली) वापरावी. हार्ड डिस्कला धक्का न लावता संगणक तिच्यावर सुरू होतो. ६४ बिटच्या यंत्राला लिनक्स मिंट आणि त्याहून जुन्याला अँटीएक्स चालते. लिनक्समध्ये त्याच तारेवर नेट चालले, तर कार्ड आणि तार दोन्ही निर्दोष ठरतात आणि सारा दोष विंडोजच्या मांडणीचा राहतो.

जुन्या संगणकावरच्या फाइली नव्या विंडोजला दिसाव्यात म्हणून ‘एसएमबी १’ ही फाइली वाटण्याची जुनी पद्धत सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही जुनी पद्धत सहसा बंदच असते आणि त्यामागे गंभीर कारण आहे. त्याच वर्षी मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस याच वाटेने पसरला. जूनमधल्या नॉटपेट्या या व्हायरसनेही पसरण्यासाठी ही वाट वापरली आणि त्यात जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. यंत्राला जोडलेला एक्सपीचा संगणक शक्यतो इंटरनेटपासून वेगळ्या स्विचवर ठेवावा आणि फाइलींची देवाणघेवाण नव्या संगणकावर सामायिक फोल्डर ठेवून करता येते का, ते आधी पाहावे.

कार्ड बदलताना

मदरबोर्डवरचे पोर्ट विजेच्या धक्क्याने गेले असेल तर मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. बहुतेक जुन्या बोर्डांवर लांब, पांढरा पीसीआय स्लॉट असतो. थोड्या नंतरच्या बोर्डांवर आखूड पीसीआय एक्स्प्रेस असतो. कॅबिनेट उघडून कोणता मोकळा आहे ते पाहूनच कार्ड आणावे आणि बारीक कॅबिनेट असेल तर आखूड पट्टी असलेले मागावे. ठाण्यातल्या संगणक दुकानांत पीसीआयचे कार्ड मिळाले नाही, तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर बहुधा मिळते. कॅबिनेट उघडणे नको असेल, तर यूएसबीवर लावायचा लॅन अ‍ॅडॅप्टर घ्यावा, यूएसबी २.० च्या पोर्टवर गिगाबिटचा पूर्ण वेग मिळत नाही, पण सोसायटीच्या किंवा गाळ्याच्या कामाला तो पुरेसा होतो. घेताना आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर मिळतो का, हे डब्यावर वाचावे. एक्सपीसाठी तो क्वचितच दिलेला असतो.

कार्ड बदलले की मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, हाही बदलतो. पुरवठादाराची तार थेट संगणकात येत असेल आणि त्याने जुना पत्ता आपल्या नोंदीत बांधून ठेवला असेल, तर नवे कार्ड निर्दोष असूनही नेट सुरू होणार नाही. ‘आयपीकॉन्फिग’पुढे एक जागा, तिरपी रेघ आणि ‘ऑल’ लिहून ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’समोरची बारा चिन्हे उतरवून घ्यावीत आणि ती पुरवठादाराच्या माणसाला कळवून नोंद बदलून घ्यावी. मध्ये राउटर असेल तर पुरवठादाराशी बोलण्याची गरज पडत नाही; पण राउटरमध्ये जुन्या कार्डाच्या नावावर पत्ता राखून ठेवलेला असेल, तर तो नव्या मॅक पत्त्याच्या नावे करावा, म्हणजे टॅलीचे बाकीचे संगणक आणि प्रिंटर या संगणकाला पूर्वीच्याच आकड्यावर शोधू शकतील.